वाजतगाजत कर भरणारे मालक

आमच्या मालकांचं बीडमध्ये बंदुकांचं दुकान होतं. लोक म्हणतात, ते बंदुका विकायचे. हे साफ खोटं आहे. मी त्या दुकानात बावीस वर्षं काढली. नळ्या पुसल्या, तेल दिलं, शटर वर केलं, खाली केलं. मालकांनी विकलेल्या बंदुका मोजायला माझ्या एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं एक बोट उसाच्या कोयत्यानं अर्धं गेलेलं आहे. न विकलेल्या बंदुका मोजायच्या म्हणाल तर आष्टीपासून नांदूरघाटापर्यंत गावोगाव हिंडावं लागेल. जिथं जाल तिथं एखादा माणूस मिशीवर हात फिरवत सांगेल की मला बी त्या म्हाताऱ्यानं हाकलून दिलतं.

मी चौथी शिकलेला माणूस. शुद्धलेखन मला येत नाही आणि आता मी शिकणार बी नाही. पण मालक जाऊन दोन वर्षं झाली आणि त्यांच्याबद्दल जो तो काहीबाही सांगत सुटलाय. कुणी म्हणतं चक्रम होते, कुणी म्हणतं लहानपणी डोक्यावर पडलते. त्यांना चक्रम म्हणायचा हक्क फक्त दोघांना आहे. एक काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आणि दुसरा मला. काकू लिहीत नाहीत. म्हणून मी लिहितो.

मालक बघितले तर बंदूकवाले वाटायचे नाहीत. बारकी अंगकाठी, इस्त्रीची सफारी, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, चष्म्याला मागून दोरी. टपाल वाटणारे वाटायचे. दुकानात शिरलं तरी बंदूक दिसायची नाही. बंदुका आतल्या लोखंडी कपाटात. भिंतीवर सगळे कागद. बंदुका विकायचं लायसन, काडतुसं ठेवायचं लायसन, दुकान नोंदणीचा दाखला, व्यवसाय कराच्या नोंदणीचा दाखला, आग विझवायच्या नळकांड्याचा दाखला. सगळे काचेच्या फ्रेमीत, शाळेतली पोरं उभी करावी तसे ओळीनं. लक्ष्मीचा फोटो पार कोपऱ्यात, पंख्याच्या मागं. काकू एकदा दुकानात आल्या आणि म्हणाल्या, देवीला तरी मधी घ्या की. मालक म्हणाले, "तिला नूतनीकरण लागत न्हाई. ज्याची मुदत संपते ते नजरंसमोर पाहिजे."

उदबत्ती मात्र सगळ्यांना सारखी फिरायची. नळकांड्याच्या दाखल्याला सुद्धा.

आमच्याकडं बंदुकीचं खूळ लई. ज्याला लायसन मिळत नाही तो कुठून तरी गावठी कट्टा आणतो आणि कमरेला खोचून फिरतो. मालकांना त्या कट्ट्याचा भयंकर राग. गोळी सुटते, माणूस मरतो, हे तर आहेच. पण त्यांचा खरा राग वेगळा होता. एकदा एक गडी आला, इकडंतिकडं बघितलं आणि कट्ट्याची काडतुसं बिगरकागदाची मिळतील का म्हणून हळूच विचारलं. मालकांनी त्याला जवळ घेतलं, खांद्यावर हात टाकला आणि तेवढ्याच हळू आवाजात विचारलं, "ज्याच्याकडनं कट्टा घेतला, तो व्यवसाय कर भरतो का?"

तो गडी शिवीगाळीच्या तयारीनं आलता, मारामारीच्या बी तयारीनं आलता. या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. मला काय म्हाईत, म्हणाला.

"मंग विचारून ये," मालक म्हणाले.

तो बाहेर पडला तसा मालकांनी ठाण्यात फोन लावला. पलीकडून जमादारानं विचारलं, तक्रार काय आहे. मालक म्हणाले, कर बुडवलाय.

मला ते नेहमी सांगायचे, "चौसाळकर," कारण मी चौसाळ्याचा, आणि माझं नाव त्यांनी बावीस वर्षांत एकदा बी घेतलं नाही, "चोरावर कुणी कर लावत न्हाई. सरकारनं कर लावला म्हंजे सरकार सवता म्हणालं की हा धंदा हाय, हा माणूस धंदेवाला हाय. ही केवढी इज्जत झाली."

आणि त्या इज्जतीला शोभेल असाच ते कर भरायचे. वर्षातून एकदा व्यवसाय कर भरायचा दिवस म्हणजे आमचं लग्नघर. मालक फेटा बांधायचे. पुढं दोन हलगीवाले, मधी मालक, नवरदेवानं नारळ धरावा तसं चलन दोन्ही हातांत धरलेलं, मागं मी. दुकानापासून बँकेपर्यंत. चौकातले लोक विचारायचे, कुणाचं लगीन हाय? पहिली तीन वर्षं मी मान खाली घालून चाललो. चौथ्या वर्षापासून मी बी फेटा बांधायला लागलो. मागं चालायचंच आहे तर नीट चालावं.

पुढं कर भरणं कंप्युटरवर आलं. मला वाटलं, सुटलो. मालकांनी मिरवणूक नेटच्या सेंटरवर नेली. सेंटरवाला म्हणाला, काका, सर्वर डाऊन हाय. मालक हलगीवाल्यांकडं वळून म्हणाले, वाजवत ऱ्हावा. हलगी दीड तास वाजली. शेजारच्या दवाखान्यातले पेशंट बाहेर आले. उत्पन्नाचा दाखला काढायला आलेल्या दोन बाया आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या, मग पदर खोचून नाचल्या. एक म्हातारा तर विचारत होता की हा कर आपल्याला बी भरता येतो का. शेवटी सर्वर आला. तो हलगीला भिऊन आला असं मालकांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी बदललं नाही.

आता बंदुका न विकण्याबद्दल. गिऱ्हाईक आलं की मालक आधी त्याचं लायसन लाल पेनाच्या टोकानं ओळ न् ओळ तपासायचे. मग चहा. उजव्या हातात कप द्यायचा आणि डाव्या हातात रिकामी दुनळी बंदूक. चहा संपेपर्यंत डावा हात सरळ पाहिजे. चहा उकळता असायचा, तसं मी टपरीवाल्याला बजावून ठेवलेलं. फुंकर मारावी तर नळी हलते, घाई करावी तर जीभ पोळते. निम्मे लोक इथंच गळायचे. जे टिकायचे त्यांना मालक विचारायचे, "कावून पाहिजे?" म्हणजे कशासाठी.

याचं बरोबर उत्तर काय, हे बावीस वर्षांत मला कळलं नाही.

आष्टीकडचा एक पुढारी आलता. गळ्यात साखळी, मागं चार माणसं, नवंकोरं लायसन. चहा त्यानं टिकवला, हे मी कबूल करतो. मालकांनी विचारलं, कावून पाहिजे. तो म्हणाला, "आपली चार माणसांत उठबस हाय."

"उठबस हाय तर सोफा घ्या," मालक म्हणाले. "ह्याच रस्त्यानं फुडं फर्निचरचं दुकान हाय. मानूस चांगलाय. कर भरतो."

मागची चार माणसं आधी हसली आणि मग पुढाऱ्याचं तोंड बघून गप्प झाली. मी आत जाऊन कपाटाला डोकं टेकवून हसलो.

घर चालायचं ते माडीवरच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर. माझा पगार बी त्यातूनच. काकू म्हणायच्या, ह्यांचं बंदुकीचं दुकान न्हाई, ह्यांचं कागदाचं देऊळ हाय, आन तुमी त्यातले पुजारी. मला राग यायचा. पण पुजाऱ्यानं तरी काय बोलावं?

असं सगळं सुखात चाललेलं असताना लायसनची मुदत संपत आली. नूतनीकरणाचा अर्ज मालकांनी नेहमीप्रमाणे फार आधीच दिलता. चौकशीला ठाण्यातून जमादार आला. बंदुका मोजल्या, नंबर जुळवले, काडतुसं मोजली. एक नग इकडचा तिकडं नाही. मग त्यानं विक्रीची वही मागितली. वही कोरी होती. मागं सहा वर्षं कोरी होती. मालकांनी ती अशी अभिमानानं पुढं केली की जणू पोराचं प्रगतिपुस्तक. जमादारानं कोरी पानं उलटली. पाणी प्याला आणि गेला.

आठ दिवसांनी सुनावणीची नोटीस आली, सोबत जमादाराचा अहवाल. मालकांनी तो मला मोठ्यानं वाचायला लावला. मला सरकारी अक्षर वाचायला वेळ लागतो, पण वाचतो. 'विक्री व्यवसाय बंद असल्याचे दिसून येते. नूतनीकरणाची आवश्यकता वाटत नाही.'

मालक म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. म्हणाले, परत. तिसऱ्यांदा वाचल्यावर ते स्टुलावर बसले. स्टूल गिऱ्हाइकाचं होतं. त्यावर बसलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते.

लायसन गेलं की बंदुका सरकारजमा, शटर कायमचं खाली. माझं वय तेव्हा पासष्टीच्या पुढं, मला कोण कामाला ठेवणार. पण मालकांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना एकच दिसत होतं. धंदा गेला म्हंजे कर भरायचा हक्क गेला.

दुसऱ्या दिवशी कर भरल्याच्या सगळ्या पावत्या घेऊन आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. मालकांनी त्या कारकुनाच्या टेबलावर मांडल्या. धंदा बंद होता तर सरकारनं कर कशाचा घेतला, असा त्यांचा सवाल. मला वाटलं, जिंकलो. कारकून भला होता. सगळ्या पावत्या बघून म्हणाला, "काका, घराला कुलूप असलं तरी घरपट्टी भरतोच की आपण."

मालक एकेक पावती गोळा करायला लागले. कारकुनालाच वाईट वाटलं. म्हणाला, सोमवारी सुनावणी आहे, तोवर एखादी विक्री झाली तर वही घेऊन या, साहेबांना दाखवता येईल.

म्हणजे एका आठवड्यात एक बंदूक विकायची. दुसऱ्या कुणाला हे संकट वाटलं नसतं. आम्ही गिऱ्हाईक शोधायला स्कूटरवर बसलो. मी नांदूरघाटाच्या एका शेतकऱ्याची आठवण काढली. त्याच्याकडं पिकाच्या राखणीचं लायसन होतं. चार वर्षांमागं तो आलता, चहा बी टिकवलता, पण कावून पाहिजे म्हणल्यावर बोलून गेला की डुकरांसाठी, आन बांधावरनं भाऊबंदांशी वाजलं तर जवळ असलेली बरी. मालकांनी लायसन घडी करून त्याच्या खिशात घातलं होतं.

आता आम्हीच त्याच्या दारात. त्यानं भाकरी खाऊ घातली, शेत दाखवलं आणि बंदुकीचा विषय काढल्यावर हसायला लागला. म्हणाला, "आता कशाला, काका. झटक्याचं कुंपण घातलंय सोलरचं. डुक्कर बी येत न्हाई आन भाऊबंद बी."

परत येताना मी मागं बसून धुमसत होतो आणि मालक गाडी चालवता चालवता एवढे हसत होते की दोनदा खड्ड्यात गेलो. "बघ चौसाळकर, मी नाकारली म्हणून दोन जीव वाचले. एक डुक्कर आन एक भाऊबंद." मी म्हणलं, मालक, सोमवार चार दिवसांवर आलाय. ते म्हणाले, मानूस सुखी झाला त्याचं तुला काहीच न्हाई.

मी हट्टी आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी दोन दिवस डोकं चालवलं आणि रविवारी सकाळी मालकांसमोर तोड ठेवली. मालकांच्या नावावर स्वतःचं बंदुकीचं लायसन होतं, वडिलांपासून चालत आलेलं, जिवंत. त्यावर बंदूक मात्र एक बी नव्हती. मी म्हणलं, दुकानदार तुमीच, गिऱ्हाईक बी तुमीच. तुमीच तुमाला विका.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी फार हुशारीचं बोललोय असं त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि ते मी अजून विसरलो नाही.

पण दस्तूर म्हणजे दस्तूर. गिऱ्हाईक आतून कसं येईल? मालक चपला घालून बाहेर गेले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि वळून दुकानात आले. राम राम, बंदूक बघायची हाय, म्हणाले. मग काउंटरच्या मागं जाऊन म्हणाले, लायसन दाखवा. परत पुढं येऊन लायसन दिलं, परत मागं जाऊन लाल पेनानं ओळ न् ओळ तपासलं. फोटो बघितला, आरशात जाऊन तोंड बघितलं, जुळतंय म्हणाले. मी चहा सांगितला. टपरीवाल्यानं विचारलं, किती? आतून मालक म्हणाले, दोन, एक गिऱ्हाइकाला, एक मालकाला. टपरीवाला दारात ट्रे घेऊन उभाच राहिला. त्याची बाकीची गिऱ्हाइकं चहासाठी ओरडत होती, तो हलेना.

दुनळी डाव्या हातात धरून मालकांनी स्टुलावर बसून चहा प्याला. हात जरा बी खाली आला नाही. मला ओरडून शाबासकी द्यावी वाटली. मग काउंटरच्या मागं जाऊन त्यांनी दुसरा चहा निवांत प्याला, मिशी पुसली आणि रिकाम्या स्टुलाकडं बघून विचारलं, "कावून पाहिजे?"

पुढं येऊन स्टुलावर बसले. "लायसन वाचवायचंय," म्हणाले.

उठून मागं गेले. आता ते काय म्हणणार हे मला त्यांच्या चालीवरूनच कळलं. मी हात जोडले.

"न्हाई," मालक म्हणाले. "कागद वाचवायला बंदूक मागणारा मानूस भरवशाचा न्हाई."

आणि लायसन घडी करून स्वतःच्याच खिशात घातलं. टपरीवाला खाली बसून हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणलं, मालक, सवतालाच बंदूक न विकणारा मानूस मी पयल्यांदा बघतोय. मी चाललो. मालक म्हणाले, जा. मी बसस्टँडापर्यंत गेलो. चौसाळ्याची गाडी लागलेली होती, जागा बी होती. तिथून मी परत आलो ते माझी डब्याची पिशवी दुकानात राहिलीती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

सोमवारी मालकांनी भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमी काढल्या, चादरीत गुंडाळल्या आणि रिक्षानं कचेरीत नेल्या. मला वाटतं, त्यांना त्या कागदांना निरोप द्यायचा होता. साहेब तरणा होता, मालकांच्या निम्म्या वयाचा. बाजूला तोच कारकून. साहेबानं चादरीकडं बघितलं. वही चाळली.

"सहा वर्षांत एकही विक्री नाही, काका? गिऱ्हाईक येत नाही का?"

"येतंय की. कालच आलतं."

"मग?"

"नाकारलं."

"कोण होतं?"

"मीच."

कारकुनाचं पेन थांबलं. मग मलाच सगळं सांगावं लागलं, गल्लीच्या तोंडापासून दोन चहांपर्यंत. साहेब आधी रुमालानं तोंड दाबून हसला, मग रुमाल बाजूला ठेवून हसला. शिपाई काय झालं म्हणून आत डोकावला. हसून झाल्यावर साहेबानं अहवाल पुढं ओढला. म्हणाला, काका, माझ्यासमोर अहवाल आहे, व्यवसाय बंद म्हणून. तो खोडायला मला काहीतरी दिसायला पाहिजे.

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं. "माझ्या नावावर लायसन आहे. एक एकनळी मी घेतो तुमच्याकडून. वहीत नोंद झाली की तुमचा प्रश्न मिटला."

एवढा देवमाणूस मी कचेरीत कधी बघितला नव्हता. मी टेबलाखाली मालकांच्या पायावर पाय ठेवला. मालकांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं, साहेबाचं लायसन ओळ न् ओळ तपासलं. फोटो बघितला, साहेब बघितला. मी पायावर जोर दिला.

"कावून पाहिजे?" मालक म्हणाले.

साहेबानं पाकीट टेबलावर ठेवलं. "खरं सांगू? तुमचं दुकान राहावं म्हणून."

"मंग गरज तुमाला न्हाई, साहेब. गरज मला हाय. आन त्या गिऱ्हाइकाला मी काल परत पाठवलंय." मालकांनी लायसन घडी करून टेबलावरून अदबीनं त्याच्याकडं सरकवलं. "न्हाई जमायचं."

मी डोळे मिटून घेतले. बावीस वर्षं संपल्याचा आवाज कसा असतो ते ऐकत बसलो. पंख्याचा आवाज आला, मग कागदावर पेन चालल्याचा. डोळे उघडले तर साहेब खाली मान घालून लिहीत होता आणि कारकून त्याच्या खांद्यावरून वाचत होता. कारकुनाचं तोंड हळूहळू पसरत गेलं. खाली मालकांची सही पाहिजे म्हणून त्यानं फाईल आमच्याकडं फिरवली. मालक म्हणाले, वाच.

मी बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून वाचलं. 'विक्री व्यवसाय सुरू असल्याचे समक्ष पाहिले. नूतनीकरण मंजूर.'

मालक म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. साहेब बी ऐकत होता. मालकांनी निळ्या पेनानं सही केली, साहेबाला नमस्कार केला, चादरीचं एक टोक मला दिलं, एक स्वतः धरलं. आम्ही फ्रेमी सांभाळत पायऱ्या उतरलो. मी म्हणलं, मालक, जरा बसू, पाणी पिऊ.

"बसतो कशाला बे," मालक म्हणाले. "सकाळपासनं शटर खाली हाय. एखादं गिऱ्हाईक आपल्याबिगरच परत जाईल."